फजितीचे सौंदर्य : मालगुडीच्या स्वामीचे आकर्षण

बालपण आणि कुमारवय हे साहित्याचे विषय होतात तेव्हा लेखकापुढे दोन सोप्या वाटा खुल्या असतात. एक संस्काराची आणि दुसरी स्मरणरंजनाची. पहिल्या वाटेवर मूल हे घडवायचे द्रव्य ठरते, तर दुसऱ्या वाटेवर ते हरवलेले धन ठरते. दोन्ही ठिकाणी लेखकाची दृष्टी मुलाच्या पलीकडे कोठेतरी लागलेली असते: एकदा पुढे घडणाऱ्या माणसाकडे, एकदा मागे राहून गेलेल्या सुखाकडे. या दोहोंहून वेगळी, अरुंद आणि अवघड अशी एक तिसरी वाट आहे. ती फजितीची होय. त्या वाटेने जाणारी कलाकृती मुलाला चांगले करू पाहत नाही आणि त्याच्याविषयी उसासेही टाकीत नाही. ती त्याला गोंधळलेल्या अवस्थेत पाहते, हसते, आणि हसता हसता त्याची बाजू सोडीत नाही. आर. के. नारायण यांचा स्वामीनाथन आणि शंकर नाग यांनी पडद्यावर आणलेला स्वामी ही या तिसऱ्या वाटेची आपल्या देशातील सर्वांत परिचित उदाहरणे आहेत. त्यांचे आकर्षण नेमके कशात आहे, याचा विचार मराठी समीक्षेच्या दृष्टीनेही उपयुक्त ठरावा.

प्रारंभी एक योगायोग ध्यानात घ्यावा. 'स्वामी अँड फ्रेंड्स' ही कादंबरी १९३५ साली लंडनच्या हॅमिश हॅमिल्टन या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' हीदेखील १९३५ सालीच ग्रंथरूपाने वाचकांपुढे आली. दोन मुलगे, दोन्ही ब्रिटिश अमलाखालील लहान गावांतले, दोन्ही मध्यम स्थितीतील ब्राह्मण घरांतले. एकाच वर्षी ते साहित्यात अवतरले आणि दोन अगदी भिन्न दिशांना गेले. श्यामला मराठी मनाने देवघरात बसविले. आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई' (१९५३) या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, तेव्हा त्या स्थानावर जणू राजमुद्राच उमटली. स्वामीला मात्र असे पावित्र्य कोणी दिले नाही, आणि त्याला ते पेलवलेही नसते.

दोघांमधील भेद पाहण्यासाठी एकच प्रसंग पुरेसा आहे. भित्र्या मुलाला धीट करण्याचा प्रयत्न दोन्हीकडे होतो. श्याम पोहायला जाण्याचे टाळून लपतो. आई त्याला शोधून काढते, मारते आणि विहिरीवर धाडते. तो पोहून येतो, अंगावरचे वळ पाहून आईच्या डोळ्यांत पाणी येते, आणि मुलगा भित्रा म्हटला जाऊ नये ही तिची तळमळ श्यामला कळते. प्रसंगाचे वर्तुळ पूर्ण होते. भीतीचे रूपांतर कृतज्ञतेत होते. नारायण यांच्या 'अ हीरो' या कथेत वडील वर्तमानपत्रातील एका शूर मुलाची हकीकत वाचून स्वामीला आजीच्या कुशीतून उठवतात आणि आपल्या कचेरीच्या खोलीत एकटे झोपायला लावतात. अंधारात एक आकृती हलते. ते पिशाच्च असणार अशी खात्री होऊन स्वामी भीतीनेच तिचा पाय कडकडून चावतो. आणि तो पाय एका नामांकित घरफोड्याचा निघतो. सारे गाव त्याला वीर ठरवते. दुसऱ्या रात्री वडील येऊन पाहतात, तो वीरपुरुष पुन्हा आजीपाशी गाढ झोपलेला! धैर्याचा धडा मिळाला नाही, भीतीही गेली नाही. केवळ कीर्ती तेवढी पदरी पडली. श्यामच्या कथेत घटनेला अर्थ आहे. स्वामीच्या कथेत घटना आणि तिचा लोकांनी लावलेला अर्थ यांची मुळी गाठच पडत नाही, आणि त्या फटीतूनच हसू येते.

या हसण्याला मराठीत नेमके नाव कोणते द्यावे? इंग्रजी समीक्षा अशा कलाकृतींना ज्या विशेषणाने ओळखते त्याला मराठीत एक प्रतिशब्द पुरत नाही. बावळटपणा म्हणावे तर त्यात बुद्धीची उणीव सूचित होते. संकोच म्हणावा तर विनोद हरवतो. 'फजिती' हा शब्द मूळ अरबीतून फारशीच्या वाटेने आलेला. त्यात चारचौघांत उघडे पडण्याची छटा आहे, आणि मराठीच्या वापरात त्याची धार बोथट होऊन तो जवळजवळ मायेचा झाला आहे. दुसरा शब्द 'अवघडणे'. हे क्रियापद आधी शरीराचे आहे. एकाच स्थितीत फार वेळ बसल्याने पाय अवघडतो. दिवस भरत आलेल्या स्त्रीलाही आपण अवघडलेली म्हणतो. म्हणजे या शब्दात ताठरलेली स्थिती आहे, आणि काही नवे जन्माला यायचे असल्याची चाहूलही आहे. कुमारवयाचे याहून नेमके वर्णन सहसा सापडणार नाही. अवघडणे ही स्थिती, तर फजिती ही तिची चारचौघांतली परिणती, असे म्हणता येईल.

पण स्वामी अवघडतो तो कशामुळे? केवळ वयामुळे, हे उत्तर अपुरे आहे. कादंबरीतील गमतीचे प्रसंग एकेक करून तपासले तर त्यांत एक समान सूत्र आढळते. प्रत्येक ठिकाणी मुलाची स्वतःची, जिवंत समज एखाद्या उसन्या साच्यावर आदळते. गणिताचा प्रसंग पाहावा. रामापाशी दहा आंबे आहेत, त्यांचे त्याला पंधरा आणे करायचे आहेत. कृष्णाला चारच आंबे हवेत, तर त्याने किती पैसे द्यावेत? वडील उत्तराची वाट पाहत बसले आहेत आणि स्वामीपुढे प्रश्न उभा आहे तो आंबे पिकलेले आहेत की नाहीत, हा. बाजाराची रीत पाहता त्याची शंका रास्तच आहे. कच्च्या आणि पिकल्या आंब्यांचा भाव एक कसा असेल? गणिताच्या साच्याला मात्र आंब्याच्या गोडीशी कर्तव्य नाही. शेवटी त्याचे उत्तर बरोबर येते आणि त्याच क्षणी त्याला रडू कोसळते. साचा जिंकला आहे, आणि वाचक हसत असतानाच त्याला पराभूताचे दुःख स्पर्श करून जाते.

क्रिकेटच्या संघाचेही तेच. राजम, मणी आणि स्वामी मिळून संघ काढतात आणि मद्रासच्या एका क्रीडासाहित्याच्या दुकानाला पत्राने सामान मागवतात. दुकानाचे उत्तर येते: मागणीबरोबर किमतीचा चौथा हिस्सा पाठवावा, उरलेली रक्कम व्ही. पी. ने वसूल होईल. या भाषेचा बोध न झाल्याने मुले असा निष्कर्ष काढतात की हे पत्र चुकून आपल्याकडे आले असावे, आणि ते प्रामाणिकपणे परत पाठवतात. राजकारणातही स्वामीची गत निराळी नाही. १९३० च्या ऑगस्टमधील निषेधसभेच्या रात्री, आपली टोपी विदेशी आहे असे कोणी म्हणताच तो ती होळीत भिरकावतो. दुसऱ्या दिवशी वडिलांकडून कळते की ती टोपी खादीची होती. अंकगणित, व्यापारी पत्रव्यवहार, क्रिकेट, स्वातंत्र्याची चळवळ. चारही गोष्टी थोरांच्या, त्यांतल्या काही राज्यकर्त्यांच्या. त्या स्वामीच्या अंगावर मापाने मोठ्या सदऱ्यासारख्या येतात. तो त्या निष्ठेने घालतो, आणि बाह्यांतून हात बाहेर काढता काढता त्याची तारांबळ उडते.

येथे या आकर्षणाचे मूळ सापडते. वाचक स्वामीला हसतो कारण ते मूल आहे. आणि त्याला विसरू शकत नाही, कारण तो स्वतःच स्वामी आहे. भारतातील सुशिक्षिताचे सारे आयुष्य उसन्या साच्यांशी जमवून घेण्यात जाते. कचेरीचा अर्ज, विद्यापीठाचा प्रबंध, सभेचे आभारप्रदर्शन, इतकेच काय, समीक्षेची परिभाषा, या सर्वांत त्याला वारंवार आंबे पिकलेले आहेत का असे विचारावेसे वाटते. परंतु तो विचारीत नाही. स्वामी विचारतो. प्रौढाने गिळलेला प्रश्न मुलाच्या तोंडून बाहेर पडतो, आणि म्हणूनच ते हसू मोकळे करणारे असते.

या कृतीचा जन्मही अशाच मापे न जुळणाऱ्या वस्तूंतून झाला. नारायण यांनी आत्मचरित्रात सांगितल्याप्रमाणे आजीने काढून दिलेल्या शुभ दिवशी त्यांनी बंगळूरमध्ये एक वही विकत घेतली आणि लिहायला बसले असता मालगुडीचे छोटे रेल्वेस्थानक त्यांच्या डोळ्यांपुढे आले. साल १९३०. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या बंगळूरच्या दोन वस्त्यांच्या नावांतून हे नाव झाले असे बंगळूरकर हौसेने सांगतात. लेखकाने मात्र मालगुडीला नकाशावर जागा दिली नाही. हस्तलिखित विलायतेत प्रकाशकांकडून परत येत राहिले. कंटाळून ते थेम्समध्ये बुडवावे असे नारायण यांनी ऑक्सफर्डमधील आपले मित्र पूर्णा यांना कळविले. पूर्णांनी ते ग्रॅहम ग्रीन यांना वाचायला दिले. 'स्वामी, द टेट' हे मूळ शीर्षक बदलून 'स्वामी अँड फ्रेंड्स' करण्याची सूचना ग्रीन यांची. किपलिंगच्या 'स्टॉकी अँड कं.' (१८९९) या शाळकरी कथांची आठवण इंग्रज वाचकाला व्हावी हा तिच्यामागील हेतू. म्हणजे पुस्तकाचे नावही उसन्या साच्यातले! आणि तो साचा कसला? इंग्लिश शाळाकथेतला मुलगा दंगा करतो, मार खातो, आणि अखेर साम्राज्याचा सेवक होण्यास लायक ठरतो. स्वामी दोन शाळा सोडतो, रानात वाट चुकतो, सामना हुकवतो आणि कशासही लायक ठरत नाही. नाव किपलिंगचे, पण आतला मुलगा किपलिंगच्या साच्यात मावत नाही. ही कादंबरीतली सर्वांत सूक्ष्म फजिती म्हटली पाहिजे, आणि ती स्वामीची नव्हे, साच्याची आहे.

अनुवादकापुढे हे पुस्तक एक चमत्कारिक प्रश्न उभा करते. मुले मनाने तमिळ बोलत आहेत, निवेदक मात्र संयत, किंचित औपचारिक इंग्रजीत सांगतो आहे. मूळ कृतीच एक मूक अनुवाद आहे. तिचा विनोद बोलण्यात जितका आहे तितकाच पोरकट मजकूर आणि प्रौढ भाषा यांमधील अंतरात आहे. मराठीत आणताना हे अंतर गेले, सर्व काही बोबडे आणि लडिवाळ झाले, तर पुस्तक बालवाङ्मयाच्या कपाटात जाऊन पडते. क्रिकेटच्या साहित्याची मागणी 'सा. न. वि. वि.' ने सुरू करून 'कळावे, लोभ असावा' ने संपविली तर कदाचित मूळचे हसू जिवंत राहील. कारण मराठी मुलानेही पत्रलेखनाचा तो साचा अर्थ न कळता गिरविलेला असतो. शिवाय इंग्रजीत जे एकाच सर्वनामात लपते ते मराठीत लपत नाही. पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा राजम वर्गात प्रथम येतो तेव्हा त्याला 'तू' म्हणावे की 'तुम्ही', हा प्रश्न मराठी स्वामीला पडेल. येथे भाषांतराने नवीन फजिती निर्माण होते, आणि ती मूळ कृतीच्या आत्म्याशी सुसंगत आहे.

पडद्यापुढे अडचण आणखी मोठी होती. कादंबरीतील निवेदकाचा शांत, अलिप्त स्वर कॅमेऱ्याला कोठून येणार? नारायण यांना चित्रपटाचा पूर्वानुभव सुखद नव्हता. 'गाइड' (१९६५) चे जे झाले त्यावर त्यांनी उपरोधिक लेख लिहिला होता. 'मालगुडी डेज' दूरदर्शनसाठी हिंदी आणि इंग्रजीत करण्याचे काम १९८० नंतरच्या दशकात शंकर नाग यांच्याकडे आले. कर्नाटकाच्या किनारपट्टीत जन्मलेल्या या कलावंताने तरुणपणी मुंबईत मराठी रंगभूमीवर काम केले होते. '२२ जून १८९७' (१९७९) या चापेकर बंधूंवरील मराठी चित्रपटाच्या पटकथेत त्यांचा हात होता. बंगळूर ही पुढे त्यांची कर्मभूमी झाली, आणि १९९० साली अपघाती मृत्यू येईपर्यंत त्यांनी तेथे अफाट काम केले. स्वामीच्या भागांचा 'स्वामी' (१९८७) हा चित्रपटही झाला व मास्टर मंजुनाथला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

अलिप्त स्वराची समस्या नाग यांनी नटांच्या द्वारे सोडविली. गिरीश कार्नाड यांनी उभे केलेले वडील केवळ कठोर नाहीत. हसू आवरण्याचा सूक्ष्म ताण त्यांच्या चेहऱ्यावर असतो, आणि कादंबरीतील निवेदकाची दृष्टी जणू तेथे वस्तीला येते. मंजुनाथ मात्र कधीही विनोद करीत नाही. त्याच्या दृष्टीने प्रत्येक संकट खरेखुरे आहे. विनोदी नटाने स्वतः हसू नये हा रंगभूमीचा जुना नियम येथे एका मुलाने पाळलेला दिसतो. आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रे आणि एल. वैद्यनाथन यांची शीर्षकधून यांनी उरलेले अंतर राखले. तमिळ मैदानातील मालगुडी मलनाडच्या पावसाळी आगुंब्यात नेले गेले, त्यातील मुले हिंदी बोलू लागली, आणि तरीही कोणास खटकले नाही. मूळ कृतीच भाषांतरात जन्मलेली असल्याने आणखी एक भाषांतर तिला सहज मानवले.

फजितीची ही वाट केवळ वसाहतीतल्या मुलांची नाही. बिल फोर्साइथ यांचा 'ग्रेगरीज गर्ल' (१९८१) हा ब्रिटिश चित्रपट स्कॉटलंडमधील कंबरनॉल्ड या नव्याने वसविलेल्या गावातील शाळेत घडतो. उंच, हडकुळा ग्रेगरी फुटबॉलच्या संघातील आपली जागा डोरोथी नावाच्या मुलीला देऊन बसतो आणि तिच्याच प्रेमात पडतो. प्रेमात कसे वागावे हे त्याला त्याची दहा वर्षांची बहीण शिकवते. संकेतस्थळी डोरोथी येतच नाही. मुली त्याला एकीकडून दुसरीकडे सोपवीत अखेर सूझन नावाच्या तिसऱ्याच मुलीपाशी नेऊन पोहोचवतात. येथे उसना साचा प्रौढांच्या प्रणयाचा आहे. परंतु त्याहून अर्थपूर्ण गोष्ट पडद्याबाहेर घडली: अमेरिकेत दाखविण्यासाठी या चित्रपटातील स्कॉटिश उच्चार सौम्य करून संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित करण्यात आले. ज्या मुलाची सारी गोडी त्याच्या अडखळत्या बोलण्यात आहे, त्याची जीभच सरळ करून दिली! एकाच भाषेच्या पोटातही मध्यवर्ती उच्चार आणि कडेचे उच्चार असतात, आणि कडेच्या मुलाला मध्यवर्ती सदरा घालावा लागतो. स्वामीचे नाते ग्रेगरीशी जुळते ते असे.

मराठीत ही वाट उशिरा रुळली. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव फजितीचा थोर नायक खरा, पण तो प्रौढ गृहस्थ आहे. कुमारवयाच्या उंबरठ्यावरील अवघडलेपण भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) तील पांडुरंग सांगवीकराने उघड केले; वसतिगृहातील त्याच्या कारभाराचा गोंधळ हा उसन्या साच्यांचाच गोंधळ आहे. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' (२००४) मध्ये आणीबाणीच्या काळातील नववीचा वर्ग आला, आणि सुजय डहाके यांनी ती पडद्यावर आणली. या कृतींचे स्वागत मोठे झाले. मात्र ते पुष्कळदा 'आमचे दिवस आठवले' या एका वाक्यापाशी येऊन थांबते. मालगुडीचेही तेच झाले आहे. शिवमोगा जिल्ह्यातील अरसाळू स्थानकावर, जेथे मालिकेचे चित्रण झाले होते, तेथे २०२० साली मालगुडीचे संग्रहालय उघडण्यात आले. स्थळांचे जतन व्हावे हे योग्यच; परंतु समीक्षेने स्वतःचे संग्रहालय करू नये. स्मरणरंजनात आठवणीचा सदरा नेहमी मापाचा असतो, आणि स्वामीला तर तो कधीच मापाचा झाला नव्हता.

या वाटेची मर्यादाही सांगितली पाहिजे. फजितीला हसता येते, कारण पडलेल्या मुलाला उचलणारे घर मागे उभे असते. स्वामीपाशी आजी आहे. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) मधील जब्याला शाळेतल्या मुलांदेखत, जिच्यावर त्याचे मन जडले आहे त्या शालूच्या डोळ्यांसमोर, डुकराच्या मागे धावावे लागते. बघे हसतात; प्रेक्षक मात्र हसू शकत नाही. तेथे साचा मापाने मोठा नसून तो जातीने जन्मतःच आवळलेला आहे, आणि फजितीचा अपमान होतो. जब्याने अखेर भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाकडे येतो. स्वामीकडे पाहताना हा दगड विसरून चालणार नाही. मालगुडीच्या हास्याचे मोल त्यामुळे घटत नाही. त्या हास्यामागे कोणती सुरक्षितता उभी आहे, तेवढे स्पष्ट होते.

आणि तरीही नारायण यांनी आपल्या नायकाला सर्वस्वी सुरक्षित ठेवलेले नाही. रानातून परतलेल्या स्वामीला वाटते की सामन्याला अद्याप अवधी आहे. सामना हरून झालेला असतो. राजम रुसतो तो रुसतोच. त्याच्या वडिलांची बदली होते. गाडी सुटताना स्वामी भेट म्हणून आणलेले परीकथांचे पुस्तक मणीच्या हातून कसेबसे राजमपर्यंत पोहोचवतो. राजमने क्षमा केली की नाही हे कळण्यापूर्वीच गाडी दूर गेलेली असते. तो पत्र लिहील, असे मणी सांगतो. पण त्याला आपला पत्ता ठाऊक आहे का, असे स्वामी विचारतो. ठाऊक आहे, असे मणी म्हणतो. मणी खरे सांगतो आहे की समजूत घालतो आहे हे पाहण्यासाठी स्वामी त्याच्या चेहऱ्याकडे बघतो, आणि ज्या मित्राचे मन आजवर उघडे पुस्तक होते त्याचा चेहरा प्रथमच वाचता येत नाही.

श्यामला अखेर आईचे मन कळते. स्वामीला मित्राचे मन कळत नाही. मोठे होणे म्हणजे शहाणे होणे, हा पहिल्या वाटेचा सिद्धान्त. मोठे होणे म्हणजे हरवणे, हा दुसरीचा. तिसरी वाट एवढेच दाखवते की एके दिवशी दुसऱ्याचा चेहरा आपल्याला बंद होतो, आणि त्यापुढे त्याच्याशी बोलायला उसने शब्दच उरतात. त्या शब्दांत मनुष्य जन्मभर अडखळत राहतो. त्या अडखळण्याला आरंभीच्या क्षणी, निंदा किंवा आरती न करता, पाहणारी कलाकृती विरळा असते. 'स्वामी' ती आहे, आणि तिच्या आकर्षणाचे रहस्यही तेच आहे.